आवाज आत ठेवायचा

माझे बाबा उभं आयुष्य फुटबॉलच्या मॅचला गेले आणि त्यांनी एकही मॅच पाहिली नाही. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग त्यांना वाटतं बाबांचे डोळे अधू असावेत, आणि चेहरे लांब करतात. डोळे अगदी ठणठणीत होते. अडचण भिंतीची होती.

शहराच्या ऐन मध्यावर, धक्क्याला लागून, आमच्या क्लबचं जुनं मैदान होतं. तीन बाजूंना प्रेक्षकांचे स्टँड आणि चौथ्या बाजूला, गोलच्या मागे, जागाच नव्हती म्हणून नुसती विटांची उंच भिंत. भिंतीपलीकडे लगेच पाणी. नेम चुकला की बॉल भिंतीवरून थेट पाण्यात, आणि नेम चुकवण्यात आमच्या क्लबचा हातखंडा होता. ते बॉल काढायला एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे बाबा. आठवडाभर फेरीबोट चालवायची आणि मॅचच्या दिवशी दुपारी वल्ह्याची छोटी बोट घेऊन भिंतीखाली जाऊन बसायचं, मांडीवर लांब दांड्याचं जाळं घेऊन. पाण्याकडे तोंड, मैदानाकडे पाठ. लोक त्यांना बगळेबुवा म्हणायचे, आणि बाबांनाही ते नाव आवडायचं.

भिंतीत खालच्या बाजूला एक लोखंडी झडप होती. बॉल काढला की बाबा ती उघडून बॉल आत सरकवायचे. तेवढ्या वेळात त्यांना जे दिसायचं ते म्हणजे थोडं गवत आणि कुणाच्या तरी नडग्या. "आपल्या क्लबचे सगळे खेळाडू मी नडग्यांवरून ओळखतो," असं ते ऐटीत सांगायचे. एकदा रस्त्यात खुद्द कप्तान समोरून आला तर बाबांनी त्याला ओळखलंच नाही. तो फुलपँट घालून होता.

पण शनिवारी संध्याकाळी घरी आले की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ते अख्खी मॅच सांगायचे. कोण डावीकडून सुटला, कुणाला पाडलं, रेफरीने कसं शेण खाल्लं, गोलकीपर कसा चुकीच्या बाजूला झेपावला. हातवारे करून, पहिल्यापासून, क्रम न चुकता. आई भांडी विसळत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे सगळं भिंतीने सांगितलं वाटतं आज?" बाबा म्हणायचे, "तू ऐक तर." दुसऱ्या दिवशी पेपरात वेगळंच छापलेलं असायचं. मॅच हरलेली असायची, किंवा गोल भलत्याच माणसाने केलेला असायचा. बाबा पेपर घडी करून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, की या पेपरवाल्यांना काही कळत नाही.

मी तिसरीत असताना हट्ट करून एकदा बोटीत बसले. तोवर मला वाटत होतं की तिथून सगळं दिसतं. तिथे होती ती भिंत. शेवाळलेली, ओली, वर आभाळाचा एक पट्टा. आत हजारो माणसं ओरडत होती आणि आम्ही दोघं विटांकडे पाठ करून बसलो होतो. बाबा डोळे मिटून म्हणाले, "आता उजवीकडून चाललाय बघ, ऐकलंस?" मला काही ऐकू आलं नाही. मला राग आला होता. माझ्या बाबांना सगळ्या शहराने मिळून भिंतीबाहेर बसवलंय असं वाटलं आणि मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की मोठी झाले की ही भिंत पाडणार. बाबा म्हणाले, "पाड हो, टिटवे. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात."

टिटवी म्हणजे मी. लहानपणी फार कर्कश रडायचे म्हणून. पुढे रडणं थांबलं, कर्कशपणा राहिला. आर्किटेक्ट झाले तर तो कामालाच आला. कंत्राटदारांशी गोड बोलून काही होत नाही.

तर, जुन्या मैदानाच्या जागी होणाऱ्या नव्या स्टेडियमच्या स्पर्धेत आमच्या ऑफिसचं डिझाइन निवडलं गेलं ते माझ्या एका हट्टामुळे. बाकी सगळ्यांनी चारी बाजूंनी उंच स्टँड दाखवले होते, मोठी परात ठेवावी तसे. मी पाण्याकडची बाजू मोकळी सोडली. तिथे बसक्या चार पायऱ्या आणि पलीकडे थेट बंदर. आत बसलेल्याला जहाजं दिसावीत आणि पाण्यावरून जाणाऱ्याला मॅच दिसावी. आमच्या साहेबांनी पुढे सगळीकडे भाषणं ठोकली, की हे शहर आणि समुद्र यांच्यातलं नातं वगैरे. नातं होतं, पण ते एका बोटीशी होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

स्टेडियम काढायला सुरुवात होते ती एका खुर्चीपासून. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा कुठे येतो, तिथून एक रेघ निघते, ती पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावरून जाऊन मैदानाच्या जवळच्या कडेला टेकली पाहिजे. टेकली तर खुर्ची चांगली, नाहीतर तिथे बसणाऱ्याला जन्मभर समोरच्याचं टक्कल. मी ही रेघ प्रत्येक खुर्चीतून काढली. मशीन काढून देतं, पण मी स्वतः तपासत बसायचे. ऑफिसातले हसायचे. मला त्याची सवय होती. माझ्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. लग्न जमलं नाही आणि मी जमवलंही नाही, दोन्ही खरं. घरी जाऊन भाजीवाल्या काकूंनी आज किती छान हसून भाजी दिली हे भिंतीला सांगण्यापेक्षा खुर्च्या बऱ्या.

आई गेल्यावर बाबांनी मॅच सांगायला मला फोन करायला सुरुवात केली. ते पलीकडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरात, मी अलीकडे शहरात, सहाव्या मजल्यावर. एरवी आमचे फोन म्हणजे "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "झालं." "बरं मग." "बरं." त्यापुढे आम्हाला दोघांनाही काही सुचायचं नाही. आई होती तेव्हा ती मध्ये बोलायची, म्हणून आम्ही बोलतो असं वाटायचं. पण मॅचच्या शनिवारी बाबा अर्धा-पाऊण तास बोलायचे. मी पोळी लाटता लाटता, कपड्यांच्या घड्या करता करता ऐकायचे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी आठवडाभर मी त्या फोनवर जगायचे, हे आता सांगायला काय हरकत आहे.

मोकळ्या बाजूवरून भांडणं सुरू झाली. पहिलं वाऱ्याने काढलं. पाण्यावरून येणारा वारा सरळ आत घुसणार, बॉल उडणार, माणसं काकडणार. दुसरं बॉलने, की तो पाण्यात जाणारच. तिसरं आणि सगळ्यात मोठं आसपासच्या इमारतींनी काढलं. भरवस्तीतलं स्टेडियम, शेजारी माणसं राहतात, त्यांना झोप लागते, त्यांची बाळं दचकतात. एका शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली. एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं चित्र सुरेख आहे. पण चित्र ओरडत नाही, माणसं ओरडतात." हॉल टाळ्या वाजवायला लागला. क्लबचे अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले, ते साधारणपणे मोकळी बाजू गेली असं सांगणारं बघणं होतं.

मी उठले आणि माइक घेतला. म्हटलं, तिथे काच लावू. जमिनीपासून छपरापर्यंत, सलग. वारा अडेल, बॉल अडेल, आवाज अडेल, आणि दिसायचं ते सगळं दिसेल. "एक हूं की चूं बाहेर येणार नाही," मी म्हटलं, "हा माझा शब्द." आमच्या ध्वनीच्या सल्लागाराला आम्ही पाठीमागे कानसेन म्हणायचो. मितभाषी, कायम मफलर गुंडाळलेला माणूस. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. जमेल, अशी. छपराची कड आत वळवायची, तिच्या पोटात आवाज पिणारं अस्तर, काचेच्या प्रत्येक सांध्यात रबर. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एकच वाक्य फिरायला लागलं, आवाज आत ठेवायचा. मी घरी गेले ती हवेत. भिंत गेली होती. भिंतीच्या जागी काच आली होती, म्हणजे बाबांना बोटीत बसल्या बसल्या मॅच दिसणार होती.

मॉडेल तयार झालं तेव्हा मी बाबांना ऑफिसात बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आमच्याकडे मॉडेलमध्ये ठेवायला पांढरी, नखाएवढी माणसं असतात. सगळ्या स्टँडमध्ये मी ती चिकटवली होती, आणि निळ्या पाण्यावर एक छोटी बोट, त्यात एकच माणूस.

"हा मी का?" बाबा वाकून बघत म्हणाले.

"मग कोण?"

"पण मी असा बसत नाही. हा इकडे तोंड करून बसलाय."

"आता इकडेच करायचं. समोर काच आहे, सगळं दिसणार तुम्हाला. इतकी वर्षं पाठ करून बसलात तेवढं पुरे."

बाबांनी काचेवर, म्हणजे मॉडेलमधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, अलगद बोट टेकवलं. "बॉल मग कुठून बाहेर येणार?"

"येणारच नाही. म्हणून तर."

"हं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ही उघडते का गं कुठे? झडपेसारखी?"

"काच कशाला उघडायला हवी, बाबा? दिसतं की आरपार."

"तेही खरं. छान आहे," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, साहेब शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा, "फार छान आहे."

बाबांचं छान मला चांगलं ठाऊक होतं. आई भाजीत मीठ घालायला विसरली की ते असंच छान म्हणायचे. पण मी त्या दिवशी आनंदात होते, आणि आनंदात माणूस बहिरा होतो.

जुनं मैदान पाडलं. भिंत पडली तो दिवस मी साइटवर हेल्मेट घालून उभी होते, मला नाचावंसं वाटलं. क्लब दुसऱ्या गावात जाऊन खेळायला लागला. आता शनिवारचे फोन बंद पडणार असं मला वाटलं होतं, पण बाबा काही घरी बसले नाहीत. ते बोट घेऊन ठरल्या वेळी जायचे आणि बांधकामाशेजारी थांबायचे. संध्याकाळी फोन यायचा. "आज पाया ठोकत होते. डावीकडच्या कोपऱ्यात खडक लागलाय, आवाज बदलला." "आज मिक्सर रडत होता. आणि कुणीतरी कुणाला फार शिव्या घातल्या, बाईचा आवाज होता, तूच ना?" मीच होते. आठवडाभर साइटवर उभी असायचे मी, आणि माझंच स्टेडियम मला शनिवारी बाबांकडून ऐकायला मिळायचं. अर्ध्या गोष्टी चुकीच्या असायच्या. खडक नव्हताच त्या कोपऱ्यात, जुना नांगर सापडला होता. मी चूक दाखवली तर म्हणाले, "तुमच्या इंजिनिअरना काही कळत नाही."

मग छप्पर चढलं, काच बसली, रबरं भरली. फोन आखूड होत गेले. "आज काही विशेष नाही," म्हणायचे आणि ठेवायचे. मी तेव्हा खुर्च्यांच्या रंगावरून क्लबशी भांडत होते. वाटलं, वय झालं, थकले असतील.

उद्घाटनाच्या आधी आवाजाची चाचणी झाली. कानसेनने आत सगळीकडे मोठाले स्पीकर लावले आणि भरलेल्या स्टेडियमचा गोंगाट सोडला. मी आत उभी होते, छातीत धडधडत होतं, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग आम्ही सगळे दुहेरी दारातून बाहेर धक्क्यावर आलो. दार मागे बंद झालं आणि आवाज संपला. पाण्याचं चुबुक चुबुक ऐकू येत होतं. दूर कुठेतरी एक सायकल कुरकुरत होती. कानसेनने हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला दातसुद्धा आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. सभेतले ते आजोबा मुद्दाम बोलावले होते, ते म्हणाले, "बाई, शब्द पाळलात." मला भरून आलं. इतकी माणसं एकदम माझ्यावर खूश आहेत असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही.

बाबांची बोट काचेपाशी होती. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की या, बघायला या. ते पाण्याकडे तोंड करून बसले होते, मान जराशी कलती, नेहमीसारखी. आम्हाला बघून ते वल्ही मारत धक्क्याला आले आणि खालून त्यांनी विचारलं, "अगं, कधी सुरू करणार? मी मघापासून थांबलोय."

सगळे खो खो हसले. अध्यक्ष म्हणाले, "घ्या. याहून मोठी पावती कुठली?" मीही हसले. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. काय झालं ते त्यांना कळेना, आणि सगळे हसतायत म्हणून तेही हसायला लागले. मग त्यांनी काचेकडे पाहिलं, आणि माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. "सुरूच आहे होय," ते हळूच म्हणाले.

त्यांनी बोट वळवली. मी माणसाला एक खुर्ची द्यावी म्हणून जन्मभर रेघा ओढल्या होत्या, डोळ्यापासून मैदानापर्यंत. बाबांच्या कानापासून मैदानापर्यंत एक रेघ आधीपासूनच होती, ती भिंतीवरून जायची. ती मी तोडली, आणि तोडल्याबद्दल टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी कानसेनला गाठलं. म्हटलं, काचेत खाली एक झडप करायची आहे, बारकीशी, एक माणूस बाहेरून उघडेल एवढी. त्याने मफलर सैल केला. "कशासाठी?"

"वायुवीजन," मी म्हटलं.

"खोटं बोलताय तुम्ही."

मग मी खरं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. "काच सलग आहे म्हणून ती काम करते," तो म्हणाला. "फट पडली की आवाज फटीतून येतो, छोट्या-मोठ्याचा प्रश्नच नसतो. आणि परवानगी कशावर मिळाली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच माइक घेतला होता." मी साहेबांकडे गेले, अध्यक्षांकडे गेले, आवाज चढवला, टेबल आपटलं. टिटवीपणा सगळा करून झाला. अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांना आपण आतली उत्तम जागा देऊ की. कायमची. पहिल्या मॅचपासून."

म्हणून पहिल्या मॅचला बाबा माझ्या शेजारी बसले. मधला स्टँड, मधली रांग, सगळ्या स्टेडियममध्ये याहून चांगली खुर्ची नाही, रेघ मी स्वतः तपासलेली. इस्त्रीचा शर्ट तोच. मॅच सुरू झाली आणि माणसं ओरडली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. छप्पर आवाज आत ठेवत होतं, तो चहूकडून येत होता, डावं-उजवं काही राहिलं नव्हतं. बाबा एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. मग ते काचेकडे बघत बसले. काचेपलीकडे पाणी होतं आणि धक्क्याला बांधलेली त्यांची बोट, रिकामी, हलत होती.

"छान दिसतं," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

कुणीतरी गोल केला. सगळे उभे राहिले, आम्हीही. "कुणी मारला?" बाबांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी पुढची रांग उभी राहिल्यावर मागच्यांना दिसतं का ते बघत होते.

मॅच सुटल्यावर मी त्यांना फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत सोडायला गेले. गर्दीतून वाट काढत आम्ही दोघं चाललो होतो. मला वाटलं आता सांगतील. रस्ता ओलांडला, वळण गेलं, तिकीटखिडकी आली. शेवटी मीच म्हटलं, "सांगा ना बाबा, कशी झाली मॅच?"

त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस की शेजारी," ते म्हणाले. "पाहिलीस ना सगळी?"

"पाहिली," मी म्हटलं.

"मग," बाबा म्हणाले. बोट आली. ते चढले आणि कठड्याशी उभे राहून त्यांनी हात केला. बोट सुटेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघून हात करत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी घरी आले आणि बूट न काढता पलंगावर बसले. एकाच गोष्टीवर आमचं बोलणं उभं होतं, की एक जण तिथे असायचा आणि एक जण नसायचा. मी बाबांना शेजारी आणून बसवलं आणि ते बोलणं पाडलं. याआधी मला एकटं वाटलं नव्हतं असं नाही. पण त्या संध्याकाळी वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मॅच आली तेव्हा मी गेले नाही. विचार करून ठरवलं. मी नसले की बाबांना सांगायला जागा राहील. खुर्ची त्यांची आहे, ते जातील, बघतील, संध्याकाळी फोन करतील. माझं घर स्टेडियमपासून दोन रस्ते सोडून आहे. गॅलरीतून छप्पर दिसतं, आवाजाचं नाव नाही, माझीच करामत. मी टीव्ही लावला नाही. साहेबांचा मेसेज आला तो उघडला नाही, चुकून निकाल कळायला नको म्हणून. कणीक मळून ठेवली. पोळ्या लाटायला घेईन आणि फोन वाजेल असा हिशेब होता.

पोळ्या झाल्या. घड्या घालण्यासारखे कपडे होते त्यांच्या घड्या झाल्या. उजेड उतरायला लागला तरी फोन वाजेना. मग मीच लावला.

"बाबा, मी आज गेले नव्हते," मी म्हटलं.

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. म्हटलं, तुम्ही सांगाल."

पलीकडे स्टुलाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. बाबा स्वयंपाकघरात बसले होते तर.

"मी पण नाही गेलो," ते म्हणाले. "मला वाटलं, आता स्टेडियम तुझं. तू जाशील आणि तू सांगशील. मघापासून फोनपाशीच बसलोय."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी येऊ दिलं, बघायला कोण होतं. दोन माणसं, दोन किनारे, मध्ये एवढं मोठं स्टेडियम, आणि आमच्यापैकी कुणीच तिथे नव्हतं. बाबाही फोन ठेवत नव्हते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तो कसला आवाज गं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"कुठला? मॅचचे लोक, अजून पांगतायत. खाली रस्त्यावरून चाललेत."

"खिडकी उघडी आहे?"

"अर्धी."

"पूर्ण उघड. आणि फोन बाहेर धर जरा."

मी खिडकी उघडली. सहाव्या मजल्यावरून हात लांब करून फोन बाहेर धरला, पडेल म्हणून दोन्ही हातांनी धरला. खाली माणसांचे थवे चालले होते. कुणी गळ्यातला क्लबचा मफलर हवेत फिरवत होतं, कुणी मुकाट्याने मान खाली घालून जात होतं. एक गाडी हॉर्न वाजवत गेली. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. जिंकले की हरले, मला यातून काही म्हणता काही कळलं नाही. गार वाऱ्याने बोटं बधिर झाली तरी मी हात मागे घेतला नाही, गर्दी विरळ होईपर्यंत तशीच उभी राहिले.

फोन परत कानाला लावला तेव्हा बाबा बोलत होते. किती वेळापासून, कोण जाणे. "...आणि तिथे रेफरीने खाल्लं शेण," ते म्हणत होते, "सरळ सरळ पेनल्टी होती, पण हा बघतोय भलतीकडे, आणि मग कोपऱ्यातून तो, नडग्या वाकड्या असलेला..."

"बाबा, थांबा," मी म्हटलं आणि स्टूल ओढून खिडकीशी बसले. "मला ऐकू येत नव्हतं. पहिल्यापासून सांगा."